उजवी कुणाची?

देवाने माणसाला दोन हात दिले आणि एकाला उजवा, एकाला डावा म्हणायला शिकवले. इथवर कुणाचे भांडण नाही. पण नदीला कुठे हात असतात? तरी या गोष्टीतल्या धक्क्यावर नदीलाही उजवी-डावी होती, आणि ती माणसांच्या उजव्या-डाव्याहून जुनी होती. पाणी समुद्राकडे जाते तिकडे तोंड करून उभे राहायचे. गोदामांचा काठ ती उजवी, शाळेचा काठ ती डावी. संपले. तुम्ही येत असा की जात असा, उभे असा की पालथे पडलेले असा, उजवी ती उजवीच. "उजवीवर उतरणार का डावीवर?" असे विचारले की दुधाचे दात न पडलेले पोरही बिनचूक उत्तर देई. "माणूस वळतो, नदी वळत नाही," असे तिथली म्हातारी माणसे मान ताठ करून सांगत. शाळेखालीच नदी चांगली कोपरातून वळली होती, ती गोष्ट निराळी.

वहिनींची सगळी फजिती या ताठ मानेतून झाली. आणि पुढे जे झाले तेही त्या फजितीमुळेच झाले. तो वर बसलेला कुणाला कुठल्या वाटेने शहाणे करील, सांगता येत नाही.

वहिनी म्हणजे 'थोरली'वरच्या वहिनी. 'थोरली' ही उतारूंची बोट. पत्र्याचे छप्पर, लाकडी बाक, पोटात खोकणारे डिझेलचे इंजिन. तिचे चाक धरायचे भाऊ, म्हणून सगळे उतारू त्यांना भाऊ म्हणत. आणि दोर फेकणे, इंजिनाला तेल पाजणे, म्हातारीकोतारींना हात देऊन चढवणे हे सगळे करायची त्यांची बायको, म्हणून ती सगळ्या जगाची वहिनी. भाऊ जेवायला बसले की चाक वहिनींकडे. धक्क्याला धक्का न लावता बोट लावावी तर वहिनींनी, असे भाऊसुद्धा म्हणायचे. फक्त वहिनींना ऐकू जाणार नाही एवढ्या आवाजात.

गोदामांच्या धक्क्यावरून शाळेच्या धक्क्याला जाताना प्रवाहाविरुद्ध जायचे, येताना प्रवाहाबरोबर यायचे. पूल फार लांब. सकाळी शाळेची पोरे, मग दवाखान्यात निघालेल्या बाळंतिणी, मग गोदामातले हमाल, असा सगळा संसार 'थोरली'च्या बाकांवर बसून रोज नदी ओलांडायचा.

आणि मग केंद्राचा नियम आला.

नदी सार्वजनिक जलमार्ग झाली. वरच्या अंगाला रेतीचे मोठमोठे बार्ज, म्हणजे बिनइंजिनाच्या सपाट बोटी, चालू झाले, आणि त्यांना ढकलणारे टग. त्यांचे कप्तान दूरदूरचे, कुणी या नदीचे पाणी चाखलेले नाही. म्हणून देशातल्या यच्चयावत नद्यांना एकच कायदा: कोणी कोणाला वाट द्यायची, कुठे कुठल्या रंगाचा दिवा, कधी किती वेळा भोंगा. आणि उतारू नेणाऱ्या बोटीच्या चाकावर परवाना मिळालेलाच माणूस हवा. नाही तर बोट धक्क्याला बांधून ठेवा.

भाऊ ऐटीत परवान्याला गेले आणि डोळ्यांच्या तपासणीत अडकले. लाल दिवा आणि हिरवा दिवा त्यांना सारखाच दिसत होता. जन्मापासून! आजवर कुणाच्या लक्षात आले नव्हते. खुद्द भाऊंच्याही नाही. ते दिवे जागेवरून ओळखत.

वहिनी मात्र घरी आल्यावर म्हणाल्या, "म्हणजे लग्न ठरलं तेव्हा 'लाल रंग तुला शोभतो' म्हणालात, ते..."

"का? काय झालं?"

"मी हिरवं नेसले होते."

नणंदबाईंना चहाचा ठसका लागला. या नणंदबाई भाऊंच्या मोठ्या बहीण, शाळेत गाणे शिकवायच्या. लग्न केले नाही, जिभेची धार तेवढी जपली. वहिनी त्यांना ताई म्हणत. ठसका आवरल्यावर त्या म्हणाल्या, "आता परीक्षेला तू बस, वहिनी. त्याला शोभेचा रंग कळत नाही, तुला निदान दिव्याचा कळतो."

भाऊ भिंतीकडे तोंड करून म्हणाले, "आणि नापास झाली तर हॉटेलवाला तयारच आहे. थोरली त्याला द्यायची. तो काठाला बांधून तिच्यावर टेबलं मांडणार आहे."

थोरलीवर टेबले! जिच्यावरून अर्ध्या गावाची पोरे शाळेत गेली, तिच्यावर लोक काटे-चमचे वाजवणार? त्यांनी पदर खोचला. देवापुढे दिवा लावला आणि म्हणाल्या, "देवा, भवसागर तू सांभाळ. ही एवढी नदी मी बघते."

परीक्षा वरच्या मजल्यावरच्या खोलीत होती. खिडकीबाहेर टपालाचे ऑफिस, आत एक लांब टेबल, त्यावर निळा रंग दिलेली फळी म्हणजे नदी, आणि बोटभर लांबीच्या लाकडी बोटी. परीक्षक साहेब लोकरी बंडी घालून खोकल्याची गोळी चघळत बसलेले. त्यांनी दिवे विचारले, वहिनींनी सांगितले. भोंगे विचारले, सांगितले. मग साहेबांनी फळीवर एक बोट ठेवली, समोरून दुसरी ठेवली.

"ही तुमची. प्रवाहाविरुद्ध चाललीय. ही समोरून सरळ तुमच्या अंगावर येतेय. काय कराल?"

"एक आखूड भोंगा, आणि उजवी घ्यायची," वहिनी ताडकन म्हणाल्या.

"शाबास. घेऊन दाखवा."

वहिनींनी घेऊन दाखवली. साहेबांनी समोरची बोट तिच्या उजवीकडे वळवली. ठक्! दोन्ही बोटी नाकाला नाक लावून उभ्या.

साहेबांनी गोळी एका गालातून दुसऱ्या गालात नेली. "बाई, तुमच्या उतारूंना पोहता येतं का?"

"अहो, पण मी उजवीच घेतली!"

"कुणाची उजवी?"

"नदीची! दुसरी कुणाची असते?"

साहेबांनी चष्मा काढला. रागावले नाहीत. उलट शेजारच्या खुर्चीवर येऊन बसले, वहिनींच्या बाजूने फळीकडे बघू लागले आणि म्हणाले, "आता कळलं. बाई, नदी बोट चालवत नाही. तुम्ही चालवता. बोटीचं तोंड जिकडे, तिकडे बघून जी उजवी ती उजवी. उद्या परक्या देशाचा कप्तान इथे आला, त्याला गोदामं कुठली नि शाळा कुठली काय ठाऊक? त्याला एवढंच ठाऊक की समोरचा त्याच्या उजवीकडे वळणार. ओळखीच्या माणसाला नियम लागत नाही, ओळख पुरते. नियम अनोळखी माणसासाठी असतो."

वहिनींनी मान खाली घातली. प्रवाहाबरोबर जाताना दोन्ही उजव्या एकाच बाजूला पडत, म्हणून आजवर चूक दिसली नव्हती. विरुद्ध जाताना त्या एकमेकींच्या उलट. आणि समोरून येणारा नेहमी ओळखीचाच असायचा. तोही नदीचीच उजवी-डावी मानणारा, त्यामुळे 'मी उजवी, तू डावी' असे लांबूनच ओरडून ठरायचे. सगळे मिळून चुकत होते, म्हणून कुणीच आपटत नव्हते!

"महिना संपायच्या आत परत या," साहेब म्हणाले. "त्यापुढे नियम लागू. आणि या वेळी परीक्षा पाण्यावर. तुमच्याच बोटीवर."

धक्क्यावर बातमी त्यांच्याआधी पोचली होती. पायऱ्यांवर तोफ उभी होती. तोफ म्हणजे भाऊंचा लहानपणापासूनचा दोस्त. कानात सांगितले तरी पलीकडच्या काठाला ऐकू जाईल असा आवाज, म्हणून तोफ. नुकताच तो त्या नव्या टगवर सुकाणूला लागला होता. वर कप्तान परवानावाला, तो हुकूम देणार आणि भोंगा वाजवणार. खाली तोफेने नुसते चाक फिरवायचे. पण रुबाब असा की टग यानेच जन्माला घातला.

"काय वहिनी! उजवी-डावीत नापास? अहो, आमच्या कप्तानाला विचारा, आजवर एकदा तरी चुकलोय का मी!"

"तुमचा कप्तान नवा आहे, भावजी. अजून तुम्ही त्याला कळला नाही," वहिनी म्हणाल्या आणि पुढे गेल्या. पण डोळे भरले होते.

घरी येऊन त्यांनी स्वयंपाकघराचे दार लोटले आणि भिंतीला टेकून बसल्या. नणंदबाई मागोमाग आल्या. टोमणा येणार म्हणून वहिनींनी कान बंद केले. पण नणंदबाई पीठ मळायला बसल्या आणि पिठाकडे बघतच म्हणाल्या, "घास कुठल्या हाताने घेतेस?"

"काय?"

"घास, गं. कुठल्या हाताने?"

वहिनींनी उजवा हात वर केला.

"तोंड शाळेकडे केलंस तर हात बदलतोस का?"

"नाही."

"मग झालं तर. उजवी म्हण नको. घासाचा हात म्हण. उजवी नदीची असेल, घास तुझा आहे."

लोक मोठमोठ्या पोथ्या वाचतात आणि कोरडे राहतात. कुणाला पिठाच्या परातीपाशी एक शब्द मिळतो आणि दार उघडते. वहिनी उठल्या. त्या दिवसापासून त्या घराचा जलमार्ग झाला.

स्वयंपाकघरातून बाहेरच्या खोलीत जायला चिंचोळी बोळकांडी होती. हंडा घेऊन इकडून वहिनी निघाल्या की तिकडून नणंदबाई कपड्यांचे बोचके घेऊन यायच्या. "भोंऽ!" वहिनी ओरडायच्या आणि घासाच्या हाताकडच्या भिंतीला चिकटायच्या. "भोंऽ!" नणंदबाई उत्तर द्यायच्या आणि आपल्या घासाच्या हाताकडे. दोघी डाव्या खांद्याला डावा खांदा घासून पार. मग नणंदबाई मुद्दामच चुकीच्या बाजूला यायच्या. मग बोचके फेकायच्या. एकदा भाऊ मध्ये सापडले आणि हंडाभर पाण्याने न्हाले.

"घर आहे का बंदर?" भाऊ ओरडले.

"उभ्या बोटीने दिवा दाखवायचा असतो," नणंदबाई म्हणाल्या. "अंधारात काय उभा राहतोस!"

भोंग्यांच्या नियमाला त्यांनी चालच लावून टाकली. सगळा जन्म पोरांना गाणी शिकवण्यात गेलेला. जे गाता येत नाही ते ध्यानात राहत नाही, असे त्यांचे मत. टाळी वाजवत दोघी म्हणायच्या:

*एक वाजे तेव्हा, घासाचा गं हात,*
*दोन वाजे तेव्हा, डावी माझी वाट,*
*तीन वाजे तेव्हा, मागे घेई पाय,*
*पाच वाजे तेव्हा, तुझं चाललंय काय?*

पहिल्या तीन ओळींना भाऊंचे काही म्हणणे नव्हते. चौथीला मात्र ते उखडत. समोरच्याचा इरादा कळला नाही, तर पाच आखूड भोंगे लागोपाठ वाजवायचे, असा नियम. म्हणजे सगळ्या नदीला ऐकू जाईल असे सांगायचे, की बाबा, मला कळत नाही.

"मी जन्मात पाच वाजवले नाहीत," भाऊ म्हणाले. "कळत नाही म्हणे! चाकावरच्या माणसाने असं म्हणायचं असतं? त्यापेक्षा बोट विकावी. आमचे वडील म्हणायचे, मनात शंका असेल तर छाती पुढे काढावी आणि मारावी मुसंडी."

"आणि मामंजी दोनदा बुडाले," वहिनी म्हणाल्या.

"पण भोंगा वाजवून नाही बुडाले!"

यावर वहिनींनी गाल फुगवून जेवणाच्या पाटावरूनच "भों-भों-भों-भों-भों!" केले. मग ती घरातली रीतच पडली. भाऊंनी काही गोल गोल बोलायला सुरुवात केली की दोघींचे पाच भोंगे. भाऊ हसू दाबत ताटाकडे बघायचे. पण एका रात्री निजताना ते हळूच म्हणाले, "माझं जाऊ दे. थोरलीवर टेबलं नको यायला."

"नाही येणार," वहिनी म्हणाल्या.

परीक्षेच्या सकाळी नदीवर ऊन लख्ख पडले होते. परीक्षक साहेब बंडी घालूनच आले, मागच्या बाकावर बसले. भाऊंना उतारू म्हणून बसायची परवानगी मिळाली; अट एकच, तोंड बंद. दोर सोडण्याआधी वहिनींनी चाकाला हात लावून कपाळाला लावला. मग एक लांब भोंगा दिला. धक्का सोडताना तसा द्यायचा असतो. 'थोरली' खोकली, हलली, निघाली.

जाताना प्रवाहाविरुद्ध. इथेच मागच्या वेळी लाकडी बोटी आपटल्या होत्या. वहिनी ओठांतल्या ओठांत टाळीच्या ठेक्यावर म्हणत होत्या, घासाचा गं हात, घासाचा गं हात. घासाचा हात म्हणजे आज शाळेचा काठ. हाडांत मुरलेली सवय चाक दुसरीकडे ओढत होती. हट्टी वासराचे दावे ओढावे तसे वहिनी ते ओढून धरत होत्या. मागे भाऊंचा पाय आपोआप "उजवी, उजवी" म्हणत फळीवर ठोके देत होता. समोरून कोळ्याची डोंगी आली. वहिनींनी वेग कमी केला, तिला वाट दिली, तिच्या वल्ह्यांना लाट लागू दिली नाही. शाळेचा धक्का आला. बोट लोण्यात सुरी जावी तशी लागली. साहेबांनी खिशातून गोळी काढून तोंडात टाकली.

"अर्धी झाली," भाऊ पुटपुटले.

"तोंड," साहेब म्हणाले.

परत येताना प्रवाहाबरोबर. इथे भीती नव्हती. इथे नदीची उजवी आणि घासाचा हात एकाच बाजूला, गोदामांच्या काठाला. वहिनींचा श्वास सैल झाला. आणि असेच असते पाहा. जिथे माणूस सैल होतो तिथेच तो वरचा कान पिळतो.

शाळेच्या कुंपणाखाली वळण होते. एका अंगाला खडक, दुसऱ्या अंगाला उथळ रेती, मधे दोन बोटींपुरते खोल पाणी. वळणाच्या पलीकडून टग आला. पुढे रेतीने भरलेला बार्ज, घराएवढा, लोखंडी, आणि मागून त्याला ढकलत धुराचा लोट सोडणारा टग. टगने एक आखूड भोंगा दिला.

एक! म्हणजे मी माझ्या उजवीकडे वळतोय. म्हणजे तो शाळेच्या काठाला जाणार, आपण गोदामांच्या काठाने. वहिनींनी एक भोंगा देऊन उत्तर दिले आणि चाक जरासे घासाच्या हाताकडे दाबले.

पण बार्जचे तोंड शाळेच्या काठाकडे गेले नाही. ते हळूहळू, एखादी भिंत वळावी तसे, गोदामांच्या काठाकडे यायला लागले. वहिनींच्या अंगावर!

भोंगा सांगत होता एक, तोंड जात होते भलतीकडे.

"तो इकडेच येतोय!" भाऊ उठून उभे राहिले. नियम गेला, अट गेली. "तू डावी घे! अगं, तिकडे मोकळं आहे, मार मुसंडी, डावी घे!"

तिकडे मोकळे होते खरे. या क्षणी होते. पण भोंगा खरा ठरला आणि टग शेवटच्या घटकेला आपल्या उजवीकडे वळला, तर त्याच मोकळ्या पाण्यात दोघे नाकाला नाक लावून भेटणार. ठक्! वहिनींच्या डोळ्यांपुढे ती निळी फळी उभी राहिली. घराएवढे लोखंड आणि पत्र्याच्या छपराची थोरली.

वहिनींचा हात भोंग्याच्या दोरीवर गेला.

भों-भों-भों-भों-भों!

पाच. दोन्ही काठांना आदळून परत आले पाच. मला कळत नाही, रे बाबा, तुझं चाललंय काय? गोदामांतले हमाल पोती टाकून काठावर धावले. शाळेच्या कुंपणावर पोरांची डोकी उगवली. वहिनींनी इंजिन थोपवले, तीन भोंगे दिले आणि बोट उलटी घेतली. थोरलीचे सगळे फळकूट थरथरले. प्रवाह पुढे ढकलत होता, इंजिन मागे ओढत होते, आणि मधे वहिनी पाय रोवून उभ्या होत्या.

टगवर कप्तान काचेच्या खोलीतून बाहेर आला. आणि मग पाण्यावरून तोफेचा आवाज आला. तो अख्ख्या नदीला ऐकू आला.

"अहो, उजवीच घेतलीय की! तुम्हीच म्हणालात उजवी घे!"

"उजवी, अरे, उजवी!" कप्तान किंचाळत होता.

"हीच उजवी! आमच्या वडलांपासून हीच उजवी!"

त्या क्षणी वहिनींना सगळे कळले. भोंगा कप्तानाचा होता, चाक तोफेचे होते. एकाची उजवी बोटीची, एकाची नदीची. जगात दुसऱ्या कुठल्या परवानेवाल्याला हे कळले नसते. पण जो त्या खड्ड्यात पडून आला, त्याला अंधारातही खड्डा ओळखू येतो. वहिनींना तिथे आपणच उभ्या दिसल्या, फळीपाशी, हातात लाकडी बोट घेऊन.

त्यांनी खिडकीतून अर्धे अंग बाहेर काढले, चाकाजवळ टांगलेला पत्र्याचा कर्णा तोंडाला लावला आणि पोटातून हाक मारली:

"तोफ भावजीऽऽ! घासाचा हात! जेवता त्या हाताकडे घ्याऽऽ!"

एक श्वास सगळी नदी थांबली. टगच्या चाकावर बसलेल्या तोफेने आपला उजवा हात उचलला, त्याच्याकडे पाहिले, जणू आयुष्यात पहिल्यांदा पाहतोय. मग दोन्ही हातांनी चाक त्या बाजूला फिरवले, फिरवतच राहिला. ती लोखंडी भिंत थबकली, थरथरली, आणि हळूहळू तिचे तोंड शाळेच्या काठाकडे वळायला लागले. पाणी उघडले. आधी फटीएवढे, मग दाराएवढे, मग अंगणाएवढे.

टगने एक भोंगा दिला. या वेळी भोंगा आणि तोंड एकाच बाजूला होते.

वहिनींनी एक भोंगा दिला, इंजिन पुढे घातले आणि थोरली त्या काळ्या लोखंडाच्या बाजूने, डाव्या खांद्याला डावा खांदा, बोळकांडीतल्या हंड्यासारखी, थेंब न सांडता पार झाली. जाताना कप्तानाने टोपी काढली. तोफ अजून आपल्या हाताकडे बघत होता.

आणि मग शाळेच्या कुंपणावरून टाळ्या सुरू झाल्या. नुसत्या टाळ्या नव्हेत, ठेक्यातल्या टाळ्या. नणंदबाईंनी ती चाल आपल्या वर्गाला कधीच शिकवून ठेवली होती. पोरे गळे काढून गात होती, *पाच वाजे तेव्हा, तुझं चाललंय काय!* आणि सगळ्यांच्या मधे नणंदबाई, खडू लागलेला हात हवेत, डोळ्यांतून पाणी, तरी ताल चुकत नव्हत्या.

परीक्षक साहेब उठून पुढे आले. इतका वेळ कठडा धरलेल्या हाताची बोटे त्यांनी एकेक करून मोकळी केली.

"बाई, भोंगा वाजवून झाल्यावर वर ओरडायचं, असं नियमात कुठे नाही."

वहिनींचे तोंड उतरले.

"पण ओरडू नये, असंही कुठे नाही," साहेब म्हणाले. "मी सगळे नियम वाचलेत." मग ते हसले. पहिल्यांदाच. "पास झालात तुम्ही. तो पाचवा भोंगा वाजला ना, तेव्हाच झालात. नंतरचं सगळं वरची साय."

वहिनींनी चाक सोडले नाही. बोट पाण्यात होती. पण त्यांचे खांदे हलायला लागले. हसत होत्या की रडत होत्या, ते त्यांनाही सांगता आले नसते. भाऊ जवळ आले.

"माझ्या हातात चाक असतं," ते म्हणाले, "तर मी डावी घेतली असती."

"ठाऊक आहे."

"आत्ता तळाशी असतो आपण."

"तेही ठाऊक आहे."

"मग बोलली का नाहीस काही?"

"अहो, बोलले की," वहिनी म्हणाल्या. "पाच वेळा."

गोदामांचा धक्का आला तेव्हा हमालांची रांग काठाला उभी होती. हॉटेलवालाही आला होता, हातात मोजपट्टी घेऊन. लोकांच्या तोंडांकडे पाहून त्याने ती हळूच खिशात घातली. संध्याकाळी टग माल उतरवून परत खाली आला आणि तोफ धावत पायऱ्या चढून वर आला. आल्या आल्या त्याने वहिनींपुढे उजवा हात धरला. मनगटावर निळा दोरा बांधलेला.

"कप्तानाने बांधला," तो म्हणाला. त्याच्या मानाने तो कुजबुजतच होता. तीन गोदामांतलीच माणसे वळून बघू लागली. "म्हणाला, त्या बाईंना जाऊन विचार, आणखी काही असेल तर आत्ताच शिकून ये. वहिनी, ते पाच भोंग्यांचं गाणं आहे ना, जरा सावकाश म्हणा."

वहिनींनी म्हटले. भाऊंनी टाळी धरली. ताल चुकला, पण धरली.

दुसऱ्या दिवशी नियम लागू झाला. थोरलीच्या चाकामागे काचेच्या चौकटीत परवाना लागला, आणि भाऊंनी हातात दोर घेतला, जो इतकी वर्षे वहिनींच्या हातात होता. पहिल्या फेरीला बाळंतीण, हमाल, पोरे, शाळेला निघालेल्या नणंदबाई, सगळे बाक भरले. एका म्हाताऱ्याने सवयीने विचारले, "भाऊ, ही उजवीवर जाते का डावीवर?"

भाऊंनी छाती पुढे काढली. "आजोबा, तसलं काही नाही आता. हा गोदामाकाठ, तो शाळाकाठ. उजवी विचारायची असेल तर आधी सांगा, कुणाची?"

"म्हणजे काय?"

"बसा बाकावर. ताई गाऊन दाखवील."

वहिनींनी मागे वळून पाहिले. दोर सुटला होता. पुढे सकाळची नदी, चकचकीत, दोन्ही काठांपर्यंत भरलेली. त्यांनी भोंग्याची दोरी धरली आणि धक्का सोडताना द्यायचा तो एक लांब भोंगा दिला, नियमात सांगितला आहे त्याहून चांगलाच लांब.